दाणे ठेवले, तरी वटवट्या फीडरवर का येत नाही?

वाचकाचा प्रश्न: पुण्यातल्या एका सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या ताईंनी लिहिलं आहे. समोरच्या बागेत हिवाळ्यात येणारे छोटे हिरवट वटवटे (इंग्रजीत वॉर्ब्लर) जवळून पाहता यावेत म्हणून दिवाळीनंतर त्यांनी गॅलरीत फीडर टांगला. त्यात बाजरी, तांदळाची कणी आणि सूर्यफुलाच्या बिया असतात. परदेशातल्या व्हिडिओंमध्ये असे पक्षी फीडरवर बसून चरबीच्या वड्या खाताना त्यांनी पाहिले आहेत. इथे मात्र दोन महिन्यांत कबुतरं, साळुंक्या आणि खारी एवढंच आलं. वटवट्या फीडरकडे फिरकतही नाही. पण तिथून हातभर अंतरावर असलेल्या कढीपत्त्याच्या कुंडीवर रोज सकाळी एक येऊन जातो, तो एकच पक्षी असावा असं त्यांना वाटतं. विष्ठेमुळे खालच्या मजल्यावरच्या काकू चिडल्या आहेत, यजमान म्हणतात फीडर काढून टाक. ताईंना भीती वाटते की ऐन थंडीत दाणे बंद केले तर पक्षी उपाशी राहतील. त्या विचारतात: चरबी किंवा वाळलेल्या अळ्या ठेवू का? बागेत काही जण मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्यांना जवळ बोलावतात, तसं केलं तर चालेल का?

ताई, नमस्कार.

फीडर काढा. यजमानांचं ऐकायचं म्हणून नाही, काकूंना बरं वाटावं म्हणूनही नाही. ज्या पक्ष्यासाठी तुम्ही तो टांगलात, त्याचा त्याला काही उपयोग नाही. वटवट्याची चोच एकदा नीट पाहा. चिमणीची चोच जाड, शंकूसारखी, दाणा फोडायला बनलेली. वटवट्याची टाचणीसारखी बारीक, पानाच्या खालून मावा उचलायला बनलेली. बाजरीचा दाणा त्याला अन्न म्हणून दिसतच नाही. तुमच्या गॅलरीत त्याचं ताट एकच आहे, ते म्हणजे कढीपत्ता. ते त्याने आधीच शोधलं आहे.

परदेशी व्हिडिओ खोटे नाहीत, पण ते पक्षी वेगळे आणि त्यांची थंडीही वेगळी. उत्तर अमेरिकेतला पिवळ्या कमरेचा वटवट्या बेबेरीसारख्या झुडपांच्या फळांवरचं मेण पचवू शकतो. तिथला पाइन वटवट्या पाइनच्या बिया खातो. ही क्षमता असलेले पक्षी बर्फाच्या दिवसांत चरबीच्या वडीवर आले तर नवल नाही. ब्रिटनमधल्या ब्लॅककॅप या वटवट्याची गोष्ट तर आणखी रंजक आहे. मध्य युरोपातल्या या पक्ष्यांपैकी काही गेल्या काही दशकांत दक्षिणेला जाण्याऐवजी हिवाळा काढायला ब्रिटनमध्ये येऊ लागले, आणि लोकांच्या परसातलं खाणं हे त्याचं एक मोठं कारण मानलं जातं. आपल्याकडे येणारे वटवटे मात्र हिमालयातून, मध्य आशियातून, रशियातून इतक्या लांब येतात ते इथे भर हिवाळ्यातही किडे मिळतात म्हणूनच. आठ-नऊ ग्रॅमचा जीव दिवसभर पान न् पान तपासत फिरतो आणि त्यावर त्याचं भागतं.

म्हणून चरबीची वडी नको. पुण्यात डिसेंबरच्या दुपारीही उन्हात ती मऊ पडते, ओघळते, खवट होते. पिसांना लागली तर पिसं चिकटतात. वाळलेल्या अळ्यांनी फार तर दयाळ किंवा साळुंकी येईल, आणि उरलेल्यांवर कावळे. पानांवर हलणारा किडा टिपणाऱ्या वटवट्याला वाटीतली निर्जीव वाळकी अळी ओळखीची नसते.

आता तुमची खरी काळजी: दाणे बंद केले तर पक्षी उपाशी राहतील का? नाही राहणार. बर्फाळ देशात ऐन थंडीत दाणे थांबवणं आणि इथे थांबवणं यात फरक आहे. कबुतरं आणि साळुंक्या दिवसभरात अनेक ठिकाणी चरतात, तुमची गॅलरी हा त्यातला एक थांबा. पावसाळ्यानंतर वाढलेल्या गवताचं बीही या दिवसांत भरपूर असतं. दाणे थोडे थोडे कमी करत बसू नका, त्याने कबुतरांची सवय लांबते. एकदम बंद करा. काही दिवस ती कठड्यावर येऊन वाट पाहतील, मग येणं कमी होईल.

साफसफाई मात्र नीट करा. कबुतरांची वाळलेली विष्ठा कोरडी झाडू नका. तिच्या धुळीने काही जणांना फुप्फुसांचा गंभीर ॲलर्जिक आजार होतो. मास्क आणि हातमोजे घाला, आधी साबणाचं पाणी शिंपडून विष्ठा भिजवा, दहा-पंधरा मिनिटांनी ओली पुसून पिशवीत भरा. काकूंचा ग्रिलही त्याच वेळी धुऊन द्या. त्यांचा राग रास्त आहे, आणि पुढे झाडांसाठी त्यांचं सहकार्य लागणार आहे.

चिमण्यांसाठी म्हणून थोडे दाणे ठेवायचेच असतील तर फीडरभोवती ४ सेंटिमीटर चौकोनांची जाळी बसवा. चिमणी आत जाते, कबुतर नाही. मूठभर बाजरीच्या वर ठेवू नका आणि उरलेली संध्याकाळी काढा. पण हा वेगळा उद्योग आहे, वटवट्याशी त्याचा संबंध नाही.

आता कढीपत्त्याकडे वळू. सकाळी येणारा पक्षी काय करतो, ते खुर्ची दाराआड ठेवून पाहा. तो फांदीच्या आतल्या बाजूने सुरुवात करतो, टोकाकडे सरकतो, प्रत्येक पर्णिकेखाली मान वाकडी करून बघतो. मध्येच पंख झटकतो, पानापुढे क्षणभर तरंगतो आणि खालच्या बाजूला चिकटलेलं काहीतरी उचलतो. ते म्हणजे मावा, तुडतुडे, छोट्या अळ्या, कोळी. कोवळ्या शेंड्यांवर मावा जास्त, म्हणून शेंड्यांवर तो जास्त रेंगाळतो.

याचा अर्थ सरळ आहे. शेंडे चिकट दिसले की आपण ज्या बाटलीकडे धावतो, ती बाटली त्याचं जेवण संपवते. सप्टेंबर अखेरपासून एप्रिलपर्यंत गॅलरीत कीटकनाशक नको. इमिडाक्लोप्रिडसारखी औषधं तर कुंडीतसुद्धा घालू नका. ती मुळांतून शोषली जाऊन पानांपर्यंत पोहोचतात आणि बरेच दिवस तिथे राहतात. निंबोळी अर्क सेंद्रिय असला तरी किडे कमी करतोच, तोही या महिन्यांत टाळा. आणि कढीपत्ता तुम्ही स्वयंपाकात वापरत असाल, तेव्हा फवारणी न करण्यात तुमचाही फायदा आहे. एखादं झाड माव्याने अगदीच माना टाकायला लागलं, तर सगळ्यात भरलेले दोन-चार शेंडे खुडा आणि बाकीच्यांवर पाण्याचा जोराचा फवारा मारा. एवढ्याने झाड सावरतं आणि पक्ष्यालाही काहीतरी उरतं.

एक कुंडी पुरते, पण चार-पाच एकत्र असतील तर वटवट्या येऊन जाण्याऐवजी थांबतो. कढीपत्त्याच्या शेजारी लिंबू लावा, त्याच्या पानांवर फुलपाखरांच्या अळ्या येतातच. अडुळसा लावा, तो आपल्याकडचा आहे, काटक आहे आणि हिवाळ्यात फुलतो. ग्रिलवर गुळवेल चढवा. लिंबाला आणि कढीपत्त्याला किमान १४ ते १६ इंची कुंडी लागते. कुंड्या शोभेसाठी अंतरावर ठेवू नका. पानांना पानं लागली पाहिजेत, कारण हा पक्षी मोकळ्यात बसणं टाळतो. गॅलरीजवळ बाहेरचं झाड असेल तर कुंड्यांचा गठ्ठा त्या बाजूच्या कोपऱ्यात करा, म्हणजे झाडावरून थेट कुंडीवर उतरता येतं. रोपवाटिकेतून नव्या आणलेल्या झाडांवर बहुधा आधीच औषध मारलेलं असतं. पहिले काही आठवडे त्यांच्याकडून अपेक्षा नको.

दाण्यांच्या ऐवजी काहीतरी द्यायचंच असेल तर पाणी द्या. पर्णवटवट्यांना, म्हणजे पानांत किडे शोधणाऱ्या या हिरवट वटवट्यांना, भांड्यात उतरून अंघोळ करण्यापेक्षा ओल्या पानांत अंग घासायला आवडतं. सकाळी आठच्या सुमारास झाडांना पाणी घालताना कढीपत्ता आणि लिंबाच्या पानांवर स्प्रे बाटलीने इतकं पाणी मारा की थेंब पानांच्या टोकांना लोंबतील. मग आत जाऊन बसा. ऊन पानांवर येताच पक्षी आला, तर ओल्या पानांच्या गुच्छात शिरून पिसं फुलवताना दिसेल. हे पाहायला कुठलाही फीडर लागत नाही.

परळ ठेवायचा असेल तर मातीचा, एक फूट रुंद, आणि मधोमध पाणी अडीच सेंटिमीटरच्या वर नको. आत दोन-तीन खडबडीत दगड ठेवा. परळ उघड्या कठड्यावर ठेवलात तर पुन्हा कबुतरंच येतील; तो कुंड्यांच्या मधे, वरून फांद्या येतील असा ठेवा. पाणी रोज बदला. चार-पाच दिवस तसंच राहिलं तर डासांच्या अळ्या वाढतात, आणि डेंग्यूच्या शहरात ते परवडणारं नाही. आठवड्यातून एकदा नुसत्या ब्रशने घासून उन्हात वाळवा, साबण नको.

थेंब पडताना झालेली हालचाल आणि टपटप आवाज लहान पक्ष्यांना लांबून कळतो, म्हणून ठिबक बाटली करून बघा. एक लिटरच्या बाटलीच्या झाकणाला तापवलेल्या सुईने एकच छिद्र पाडा, बाटली उलटी टांगा आणि आता वर आलेल्या बुडालाही एक छिद्र द्या. हे दुसरं छिद्र विसरलं तर आत हवा जात नाही आणि ठिबक थांबते. बहुतेकांची बाटली इथेच फसते. दोन सेकंदांना एक थेंब हा वेग धरा. साधारण २० थेंबांचा एक मिलिलिटर होतो, म्हणजे लिटरभर पाणी ११ तासांच्या आसपास पुरतं. पातळी उतरत जाते तशी ठिबक मंदावते, ते ठीक आहे. धार लागली तर छिद्र मोठं झालं, झाकण बदला. शेवाळ धरलं तर छिद्र बुजतं, म्हणून बाटली सावलीत टांगा. खाली परळ आहे ना, हे मात्र पाहा; काकूंच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पाणी नको.

गॅलरीला काचेचं दार असेल तर त्यावर बाहेरून ५ सेंटिमीटर अंतरावर ठिपक्यांचे स्टिकर लावा. पक्षी जवळ यायला लागले की काचेवर आपटण्याचा धोकाही वाढतो.

आवाज वाजवण्याबद्दल माझं उत्तर ठाम नाही असं आहे. रोज सकाळी येणारा तो एकच पक्षी असावा असं तुम्ही लिहिलंत, आणि तुमचा अंदाज बरोबर असण्याची शक्यता खूप आहे. हिरवट पर्णवटवट्या हिवाळ्यातही स्वतःची हद्द राखतो. तमिळनाडूतल्या मुंडनथुराईच्या जंगलात पक्षी-अभ्यासक मधुसूदन कट्टी यांनी आणि त्याआधी पूर्व घाटात ट्रेव्हर प्राइस यांनी या पक्ष्याचा हिवाळ्यात अभ्यास केला आहे. काही झाडांचा तुकडा तो आपला मानतो आणि दुसरा आला की ओरडून हाकलतो. मोबाइलवर त्याचा आवाज वाजवला की त्याला वाटतं कोणी घुसलं. तो किडे शोधणं सोडतो, अस्वस्थ होऊन समोर येतो आणि फोटो मिळतो. बागेत दिवसात दहा जणांनी हे केलं तर त्याच्या खाण्याच्या वेळेचा केवढा भाग वाया जातो, याचा विचार करा. जानेवारीनंतर, कोरड्या दिवसांत किडे कमी होत जातात तेव्हा हा तोटा जास्त जाणवतो. बागेत कोणी वाजवताना दिसलं तर भांडू नका. हद्दीची ही गोष्ट सांगा. पुष्कळांना ती ठाऊकच नसते.

आवाज वाजवण्यापेक्षा ऐकायला शिका. वटवटे आधी कानाला सापडतात, मग डोळ्यांना. झाडाच्या शेंड्यातून दोन तुकड्यांचं, जरा चढं 'चि-स्वी' आलं की तो हिरवट पर्णवटवट्या. भुवई लांब आणि फिकट, पंखावर एक बारीक फिकट पट्टी. पिसं झिजली की तीही दिसेनाशी होते. पट्ट्या ठळक दोन दिसल्या तर ह्यूमचा पर्णवटवट्या असू शकतो. मेंदीच्या कुंपणातून, अडुळशाच्या जाळीतून जिभेने टाळूवर वाजवल्यासारखं कोरडं 'चक्... चक्' येत राहिलं, तर तो ब्लिथचा वटवट्या: वरून पिंगट, पट्टी नाही, चोच लांबट. शहरी बागांत सर्वांत जास्त हाच असतो आणि सर्वांत कमी दिसतो. खोडाला किंवा खडकाला चिकटून सरपटणारा, खालून पिवळसर दिसला तर गंधकी पोटाचा पर्णवटवट्या. बाभळी-बोरींच्या कोरड्या टेकडीवर राखाडी डोक्याचा, पांढऱ्या गळ्याचा छोटा शुभ्रकंठी भेटतो. वेताळ टेकडीवर एका सकाळी यातले तीन-चार सहज ऐकू येतात.

तिथेच बूटेड आणि सायक्सचा हे दोन वटवटेही असतात. सायक्सच्या वटवट्याची पहिली शास्त्रीय नोंद १८३२ साली कर्नल सायक्स यांनी केली, तीही याच दख्खनमधून. पण या दोघांमधला फरक नुसत्या नजरेने ठरवू नका. ई-बर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी टाकायच्या संकेतस्थळावर, 'बूटेड/सायक्स' असा एकत्र पर्याय आहे, तो निवडा. तसंच 'पर्णवटवट्या, जात अनिश्चित' ही नोंदही चालते आणि चुकीच्या नावापेक्षा ती जास्त कामाची असते. मर्लिन ॲप आवाजावरून नाव सुचवतं. ते सूचना म्हणून घ्या, पक्षी दिसल्याशिवाय पक्कं करू नका.

गॅलरीत येणारा प्रत्येक छोटा हिरवट पक्षी पाहुणा नसतो, हेही लक्षात असू द्या. डोळ्याभोवती पांढरं कडं असेल तर तो चष्मेवाला. तांबूस टोपी आणि उभी शेपटी असेल तर शिंपी. तो बारा महिने इथलाच. चोच खाली वाकलेली असेल तर सूर्यपक्ष्याची मादी. राखी वटवट्याही इथलाच, तो शेपूट सतत वरखाली हलवतो.

बागेसाठी सकाळी साडेसात ते साडेनऊ ही वेळ चांगली, म्हणजे ऊन शेंड्यांवर आल्यावर. किडे हलू लागतात तेव्हाच वटवटे हलतात. अंधारात जाऊन थंडीत कुडकुडण्याची गरज नाही. एका झाडाखाली १५ मिनिटं थांबणं हे बागेला तीन फेऱ्या मारण्यापेक्षा चांगलं. निखार या छोट्या पक्ष्यांचा किंवा चष्मेवाल्यांचा थवा आला तर त्याच्यामागून हळूच चाला, वटवटे बरेचदा त्यांच्या सोबत असतात. दर आठवड्याला त्याच वेळी, त्याच जागी १५ मिनिटांची यादी ई-बर्डवर टाका. काही दिसलं नाही तर तीही यादी टाका. फेब्रुवारीतल्या चार दिवसांच्या ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट या पक्षीगणनेत गॅलरीतून केलेली यादीही चालते.

तुमच्या पत्रात नाही, पण जिचा परिणाम सर्वांत मोठा होईल अशी गोष्ट म्हणजे सोसायटीच्या माळीकाकांशी बोलणं. दोन विनंत्या करा. पहिली, कुंपणाची झाडं एका वेळी पूर्ण छाटू नयेत. आधी एक बाजू, ती फुटल्यावर दुसरी. ब्लिथचा वटवट्या ज्या जाळीत राहतो ती एका सकाळी गेली तर त्याला आसरा उरत नाही. दुसरी, कुंपणाखालचा पालापाचोळा जाळू नये, तिथेच राहू द्यावा. डासांसाठी धूर फवारणी करतात ती बंद करा असं मात्र म्हणू नका. आजाराच्या साथीत ती लागते आणि तुमची बाकीची विनंतीही फेटाळली जाईल. त्याऐवजी गच्चीवरची साचलेली पाण्याची पिंपं, कुंड्यांखालच्या थाळ्या दर आठवड्याला रिकाम्या करण्याची जबाबदारी आपल्या मजल्यापुरती घ्या. डासच कमी झाले तर फवारणीची वेळही कमी येते. हे सगळं तोंडी सांगून विसरलं जातं. समितीला अर्ध्या पानाचा अर्ज द्या, छाटणीच्या तारखा त्यात लिहा, आणि सहीसाठी पहिल्यांदा खालच्या काकूंकडे जा.

मार्च-एप्रिलमध्ये जाण्याआधी ब्लिथचा वटवट्या कुंपणातून गाऊ लागतो. त्यानंतर एखाद्या सकाळी कढीपत्ता रिकामा दिसला तर घाबरू नका, झाडात काही बिघडलेलं नाही. तेव्हा कुंड्यांची माती बदला, वाळकी लाकडं काढा, जोराची छाटणी पावसाळ्याच्या तोंडावर करा. सप्टेंबरपर्यंत कोवळी पालवी भरपूर असेल.